पगार वाढला की शिकवणे सुधारते? प्राध्यापकांचे वेतन, समाधान आणि कामगिरी यांचा गुंतागुंतीचा हिशेब

२०२३ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधील अनेक मराठी कुटुंबांनी एक विचित्र पदवीदान समारंभ अनुभवला. मुलगा किंवा मुलगी झगा आणि टोपी घालून सभागृहात बसली, छायाचित्रे निघाली, भारतातून खास आलेल्या आजी-आजोबांनी कौतुक केले; पण पदवी कोणत्या श्रेणीत मिळाली, हे कोणालाच ठाऊक नव्हते. काही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका आणि प्रबंध तपासलेच गेले नव्हते. २० एप्रिल ते ६ सप्टेंबर या काळात १४५ विद्यापीठांतील प्राध्यापकांच्या संघटनेने तपासणी आणि मूल्यमापनावर बहिष्कार पुकारला होता. शिकवणे चालू होते, वर्ग भरत होते, फक्त गुण मिळत नव्हते. व्यवस्थापनांनीही मागे न हटता बहिष्कारात सामील झालेल्यांचा कोठे निम्मा, तर कोठे पूर्ण पगार कापला.

आपल्यापैकी ज्यांनी महाराष्ट्रातील महाविद्यालयांत शिक्षण घेतले आहे, त्यांना हे दृश्य अपरिचित वाटले नसेल. बरोबर दहा वर्षांपूर्वी, २०१३ च्या फेब्रुवारीत, महाराष्ट्रातील प्राध्यापकांच्या महासंघाने, म्हणजे एमफुक्टोने, विद्यापीठ परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला होता. सहाव्या वेतन आयोगाच्या फरकाची थकबाकी आणि १९९१ ते २००० या काळात नेमलेल्या नेट-सेट नसलेल्या अध्यापकांचा प्रश्न, या दोन मुख्य मागण्या होत्या. उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर तो मे महिन्यात मागे घेतला गेला. तेथेही पगार कापला गेला आणि त्या पगाराचा वाद पुढे न्यायालयात गेला.

देश वेगळे, चलन वेगळे, विद्यापीठांची रचना वेगळी. पण हत्यार एकच आणि त्यामागची नाराजीही बरीचशी सारखी. अशा प्रत्येक वेळी समाजात दोन ठरावीक सूर उमटतात. एक सूर म्हणतो, ‘शिक्षकांना नीट पगार द्या, म्हणजे ते मन लावून शिकवतील.’ दुसरा म्हणतो, ‘एवढा पगार घेऊनही हे शिकवत नाहीत, मग आणखी कशाला?’ दोन्ही सुरांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे पगार आणि कामगिरी यांना जोडणारी एक सरळ दोरी आहे. एक टोक ओढले की दुसरे हलते. गेल्या साठ-सत्तर वर्षांतील संशोधन पाहिले, तर तशी सरळ दोरी सापडत नाही. जे सापडते ते अधिक गुंतागुंतीचे आहे; आणि आपली मुले ज्या वर्गांत बसतात व ज्या महाविद्यालयांना आपण देणग्या पाठवतो, त्यांच्या दृष्टीने ते महत्त्वाचेही आहे.

तीन वेगळे प्रश्न

प्रथम शब्दांची फोड करू. समाधान, प्रेरणा आणि कामगिरी या तीन गोष्टी बोलण्यात एकमेकींत मिसळतात, पण त्या वेगळ्या आहेत. नोकरीवर समाधानी असलेला प्राध्यापक कदाचित वीस वर्षांपूर्वीच्या टिपणांवरूनच शिकवत असेल. अत्यंत असमाधानी प्राध्यापिका विद्यार्थ्यांवरील मायेपोटी रात्री जागून प्रबंध तपासत असेल. समाधान ही मनाची स्थिती आहे, प्रेरणा ही कामाकडे ओढणारी शक्ती आहे आणि कामगिरी हा इतरांना दिसणारा परिणाम आहे. पगाराचा या तिघांवर होणारा परिणाम सारखा असेल, असे मानण्याचे कारण नाही.

मोजमापेही हेच सांगतात. जगभरच्या अनेक पाहण्या एकत्र करून केलेल्या २०१० च्या एका विश्लेषणात पगाराची पातळी आणि नोकरीतील समाधान यांचा सहसंबंध सुमारे ०.१५ निघाला. संख्याशास्त्राच्या भाषेत एक म्हणजे पूर्ण संबंध आणि शून्य म्हणजे संबंधच नाही. म्हणजे संबंध आहे, पण क्षीण. समाधान आणि कामगिरी यांच्यासाठी तीनशेहून अधिक नमुन्यांवर आधारलेल्या २००१ च्या विश्लेषणात हा आकडा सुमारे ०.३० होता. तो नगण्य नाही; परंतु ‘सुखी माणूस उत्तम काम करतो’ या सुभाषिताला जेवढा आधार हवा, तेवढा तो देत नाही. शिवाय उत्तम काम केल्यामुळेच समाधान मिळते, अशी उलट दिशाही संभवते. शिकवणे या व्यवसायात तर ती फारच खरी वाटते. एखादा तास रंगला, मागच्या बाकावरच्या मुलाने नेमका प्रश्न विचारला, की जे समाधान मिळते त्याला पगारपत्रकात रकाना नसतो.

असमाधान घालवणे म्हणजे समाधान देणे नव्हे

या विषयावरचे एक जुने, पण अजूनही उपयोगी पडणारे सूत्र अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडले. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते आणि लेखापाल यांना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले की, नोकरीत तुम्हाला विशेष आनंद कधी झाला आणि विशेष त्रास कधी झाला? उत्तरांची छाननी केल्यावर लक्षात आले की आनंदाची कारणे आणि त्रासाची कारणे एकाच यादीतली नव्हती. यश, कौतुक, स्वतः काम, जबाबदारी आणि प्रगती यांतून आनंद येत होता. तर व्यवस्थापनाची धोरणे, वरिष्ठांची वागणूक, कामाची परिस्थिती आणि पगार यांतून प्रामुख्याने त्रास उद्भवत होता.

याचा अर्थ असा की पगार पुरेसा आणि वेळेवर नसेल, तर माणूस दुःखी होतो. पण तो पुरेसा झाला म्हणून आपोआप उत्साही होत नाही. घरातील पाणीपुरवठ्यासारखे हे आहे. नळाला पाणी नसेल तर दुसरे काही सुचत नाही. पाणी असेल तर त्याचा आनंद दिवसभर कोणी साजरा करत नाही. हर्झबर्ग यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. लोक यशाचे श्रेय स्वतःला आणि अपयशाचा दोष परिस्थितीला देतात, त्यामुळे उत्तरे अशी विभागली जाणे स्वाभाविकच आहे, हा त्यातील मुख्य आक्षेप. तो विचारात घेऊनही अध्यापनाच्या क्षेत्रात त्यांच्या मांडणीचा गाभा टिकून राहतो. प्राध्यापकी निवडणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक असते की एवढ्याच शिक्षणावर इतरत्र अधिक पैसे मिळाले असते. ते येतात ते विषयाच्या ओढीने, स्वायत्ततेसाठी आणि शिकवण्याच्या आवडीने. त्यामुळे पगार हे त्यांचे येण्याचे कारण क्वचितच असते. मात्र खचून जाण्याचे कारण नक्कीच असू शकते.

शेजारच्या टेबलावरचा पगार

पगाराचा आकडा जितका बोलतो, त्याहून अधिक बोलते तुलना. जे. स्टेसी ॲडम्स यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या न्याय्यतेच्या सिद्धांतानुसार माणूस आपले कष्ट आणि मोबदला यांचे गुणोत्तर इतरांच्या गुणोत्तराशी ताडून पाहतो. ते विषम वाटले, तर तो एक तर कष्ट कमी करतो, किंवा मोबदला वाढवण्यासाठी भांडतो, किंवा निघून जातो.

याची एक सुंदर परीक्षा चक्क विद्यापीठातच झाली. कॅलिफोर्नियात सार्वजनिक विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांचे पगार ही सार्वजनिक माहिती आहे आणि एका वृत्तपत्राने ते संकेतस्थळावर शोधता येतील अशी सोय केली होती. डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या काही कर्मचाऱ्यांना यदृच्छया निवडून या संकेतस्थळाची माहिती दिली, इतरांना दिली नाही, आणि नंतर सर्वांना समाधानाविषयी विचारले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की आपल्या विभागातील आणि आपल्या प्रकारच्या कामातील मध्यम पगारापेक्षा ज्यांना कमी मिळत होते, त्यांचे समाधान घटले आणि दुसरी नोकरी शोधण्याचा त्यांचा विचार बळावला. ज्यांना जास्त मिळत होते, त्यांच्या समाधानात मात्र लक्षणीय वाढ झाली नाही. तुलनेतून हरणाऱ्याला दुःख होते. जिंकणाऱ्याला तेवढे सुख होत नाही.

हा निष्कर्ष घेऊन महाराष्ट्रातील एखाद्या अनुदानित महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात जाऊ. तेथे एकाच टेबलाभोवती दोन प्रकारचे अध्यापक बसलेले असतात. पहिला पूर्णवेळ मान्यताप्राप्त सहायक प्राध्यापक. सातव्या वेतन आयोगानुसार त्याचे प्रारंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. त्यावर मूळ वेतनाच्या निम्म्याहून अधिक महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता. दुसरा ‘तासिका तत्त्वा’वरचा. त्याचीही पात्रता तीच, पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट, अनेकदा पीएच.डी.सुद्धा. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी प्रत्येक व्याख्यानास १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सुचवला. राज्याचा दर त्याहून बराच खाली राहिला. २०२३ च्या वाढीनंतरही कला, वाणिज्य, विज्ञानाच्या पदवी वर्गांसाठी तो हजार रुपयांच्या आतच होता.

सोयीसाठी तासाला पूर्ण हजार रुपये आणि आठवड्याला नऊ तासिका धरू. महिन्याचे होतात ३६,००० रुपये. पण दिवाळीची सुट्टी, परीक्षांचा काळ आणि उन्हाळा यांचे तास भरत नाहीत, म्हणजे त्या महिन्यांचे मानधनही नाही. बिले महाविद्यालयातून सहसंचालक कार्यालयात आणि तेथून पुढे जाईपर्यंत कित्येक महिने लोटतात, ही तासिकावाल्यांची जुनी तक्रार आहे. जून उजाडला की नव्याने जाहिरात, नव्याने मुलाखत.

पुण्यातील माझा एक जुना वर्गमित्र पंधरा वर्षे याच पद्धतीने शिकवत होता. त्याने मला एकदा सांगितले, ‘‘अरे, कमी पैशांचे एवढे वाटत नाही. पण मी शिकवलेला मुलगा नेट होऊन माझ्या शेजारी पूर्णवेळ म्हणून रुजू झाला, त्या दिवशी मी पहिल्यांदा तास न घेता घरी गेलो.’’ न्याय्यतेच्या सिद्धांताचे याहून चांगले स्पष्टीकरण मला पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही.

शासनाने २०२१ मध्ये २,०८८ सहायक प्राध्यापक पदे भरण्यास मान्यता दिली. पण रिक्त पदांच्या तुलनेत ती फार थोडी होती. या दीर्घ प्रतीक्षेत प्रेरणेचे काय होते, हे व्हिक्टर व्रूम यांच्या १९६४ मधील अपेक्षा-सिद्धांतातून समजते. कष्टाने कामगिरी सुधारेल, कामगिरीने फळ मिळेल आणि ते फळ हवेसे आहे, या तिन्ही गोष्टींवर विश्वास असेल तरच माणूस कष्ट करतो. साखळीतील एक कडी तुटली तरी प्रेरणा संपते. तासिकावाल्याच्या बाबतीत मधली कडीच तुटलेली असते. तो उत्तम शिकवो वा कसेबसे, पद निघणार की नाही हे त्याच्या शिकवण्यावर ठरत नाही.

पगार दुप्पट केला, तर?

मग सर्वांचा पगार भरघोस वाढवला, तर शिकवणे सुधारेल का? या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत स्पष्ट उत्तर इंडोनेशियातून आले आहे. ते शालेय शिक्षकांबद्दलचे आहे, प्राध्यापकांबद्दलचे नाही, हे आधीच लक्षात ठेवू. २००५ च्या कायद्यानंतर तेथील सरकारने प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकांना मूळ वेतनाइतकाच भत्ता देण्यास सुरुवात केली. म्हणजे मूळ पगार दुप्पट. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६० शाळांत या योजनेची पद्धतशीर चाचणी घेतली. काही शाळांतील पात्र शिक्षकांना हा भत्ता लवकर मिळाला, इतरांना नेहमीच्या क्रमाने.

दोन-तीन वर्षांनंतर दिसले ते असे. शिक्षक आपल्या उत्पन्नाबाबत अधिक समाधानी होते. पैशांची विवंचना कमी झाली होती आणि जोडधंदा करणाऱ्यांचे प्रमाण घटले होते. पण विद्यार्थ्यांच्या शिकण्यात काहीही फरक पडला नव्हता. संशोधकांनी निबंधाच्या शीर्षकातच ‘दुप्पट, पण कशासाठी?’ अशा आशयाचा प्रश्न विचारला.

‘एवढा पगार कशाला’ म्हणणाऱ्यांनी मात्र यावरून घाईने टाळ्या वाजवू नयेत. हा प्रयोग आधीच नोकरीत असलेल्या, नोकरी जाण्याची भीती नसलेल्या शिक्षकांवर झाला. पगारवाढीचा खरा परिणाम कदाचित पुढच्या पिढीत दिसतो, म्हणजे हुशार मुले-मुली या व्यवसायाकडे वळतात की नाही, यात. तो दोन-तीन वर्षांच्या प्रयोगात पकडता येत नाही. महाराष्ट्रात आज एखाद्या गुणी विद्यार्थ्याने ‘मला प्राध्यापक व्हायचे आहे’ म्हटले, तर घरचे काय म्हणतात, हे आठवून पाहावे. पगार आणि स्थैर्य यांचे खरे काम तेथे, दाराशी आहे. आत आलेल्याने रोज मन लावून शिकवावे, हे काम दुसऱ्याच गोष्टी करतात.

मोजाल तेच मिळेल

त्या दुसऱ्या गोष्टी शोधताना प्रशासनांना नेहमी एक सोपा मार्ग दिसतो, तो म्हणजे कामगिरी मोजा आणि त्यानुसार द्या. हा मार्ग सरसकट चुकीचा नाही. मुरलीधरन यांनीच आंध्र प्रदेशातील सरकारी प्राथमिक शाळांत केलेल्या आणखी एका प्रयोगात शिक्षकांना विद्यार्थ्यांच्या प्रगतीनुसार वार्षिक पगाराच्या सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास बक्षीस दिले गेले. दोन वर्षांत गणित आणि भाषा या दोन्हींत त्या शाळांतील मुले स्पष्टपणे पुढे गेली. थोडा, पण नेमका पैसा जे करू शकला, ते सरसकट दुप्पट वेतनाला जमले नाही.

परंतु प्राथमिक शाळेतील वाचन-गणित मोजणे वेगळे आणि विद्यापीठातील अध्यापन व संशोधन मोजणे वेगळे. भारताने हा धडा महागात शिकला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये पदोन्नतीसाठी गुणांकन पद्धत आणली. शोधनिबंधाला इतके गुण, परिषदेला इतके, पुस्तकाला इतके. प्रत्येक प्राध्यापकाला अचानक प्रकाशनांची गरज भासू लागली आणि गरज तेथे बाजार, या न्यायाने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांसह काही संशोधकांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या एक हजारांहून अधिक नियतकालिकांची छाननी केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार त्यांतील ८८ टक्के नियतकालिके दर्जाच्या निकषांवर टिकत नव्हती. त्याच वर्षी आयोगाने आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली आणि महाविद्यालयीन शिक्षकांच्या पदोन्नतीतील त्या गुणांकनाला निरोप दिला. आठ वर्षे प्रेरणा दिली गेली होती. फक्त ती संशोधनाची नव्हती, कागद जमवण्याची होती.

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावरून मोजणे हा दुसरा लोकप्रिय मार्ग, आणि ब्रिटनमध्ये तो रूढ आहे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय पाहणी २००५ पासून होते, आणि २०१७ पासून अध्यापनासाठी विद्यापीठांना सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी मानांकने दिली जातात. हा मापदंड किती विश्वासार्ह आहे? अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना प्राध्यापक निवडता येत नाही. ते यदृच्छया वाटले जातात. त्यामुळे तेथील तुलना विशेष स्वच्छ असते. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांच्या २०१० च्या अभ्यासात असे आढळले की ज्या प्राध्यापकांच्या वर्गात लगेच चांगले गुण मिळत आणि ज्यांना विद्यार्थी चांगला अभिप्राय देत, त्यांचे विद्यार्थी पुढच्या, अवघड अभ्यासक्रमांत सरासरीने मागे पडत. जे कठोरपणे पाया पक्का करून घेत, त्यांना त्या वेळी कमी दाद मिळे. आपल्याला आयुष्यभर उपयोगी पडलेले शिक्षक बहुधा आपण तेव्हा शिव्या घातलेलेच असतात, या अनुभवाला मिळालेला हा आकड्यांचा दुजोरा म्हणावा लागेल.

आणखी एक धोका असतो. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोडी सोडवण्यासाठी विद्यार्थ्यांना पैसे दिले. पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात त्यांनी कोड्यांना कमी हात लावला. जे काम आवडीने होत होते, त्यावर किंमत चिकटवली की आवड मागे सरते. संशोधनाचे वेड असलेल्या माणसाला गुणांची वही हाती दिली, तर काही वर्षांत तोही वही भरू लागतो.

स्थैर्य नावाचा घटक

पगाराच्या चर्चेत हरवणारा एक घटक म्हणजे उद्याची खात्री. ब्रिटनमधील २०१८ चा चौदा दिवसांचा संप पगारासाठी नव्हता. तो निवृत्तिवेतनासाठी होता. २०२३ च्या आंदोलनात वेतनवाढीइतकाच अल्पमुदतीच्या कंत्राटांचा आणि कामाच्या बोज्याचा मुद्दा होता. २००९ पासून प्रत्यक्ष वेतन सुमारे एक चतुर्थांशाने घसरले, असा संघटनेचा दावा आहे. तो किरकोळ किंमत निर्देशांकावर आधारलेला आहे आणि व्यवस्थापनांना तो निर्देशांक मान्य नाही. व्यवस्थापनांनी त्या वर्षी पाच ते आठ टक्के वाढ लागू केली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये निवृत्तिवेतनातील कपातही मागे घेतली गेली. तरीही स्टाफरूममध्ये आनंदीआनंद नाही, कारण प्रश्न आता वेगळ्या रूपात उभा आहे. देशांतर्गत विद्यार्थ्यांचे शुल्क २०२५ पर्यंत अनेक वर्षे ९,२५० पौंडांवर गोठलेले होते, परदेशी विद्यार्थी घटलेले, आणि विद्यापीठे नोकऱ्या कमी करत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये कार्डिफ विद्यापीठाने चारशे पदे कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. पगाराचा आकडा वाढला, पण पगार राहील की नाही ही शंका वाढली, तर समाधान कोठून येणार?

स्थैर्य दिले की लोक आळशी होतात, हा युक्तिवादही तपासायला हवा. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील अभ्यासात, प्राथमिक अभ्यासक्रमांत कायम पदाच्या मार्गावर नसलेल्या अध्यापकांचे विद्यार्थी अधिक चांगले शिकले, असे आढळले. हा निष्कर्ष ‘कंत्राटी बरे’ म्हणून वारंवार सांगितला जातो. पण तेथील हे अध्यापक बहुतांशी पूर्णवेळ, दीर्घ करारावर आणि केवळ अध्यापनासाठी नेमलेले होते. त्यांना चार महाविद्यालयांत धावत जाऊन तासिका घ्याव्या लागत नव्हत्या. संशोधनाचा दबाव नसलेला, अध्यापनालाच मान असलेला आणि पुढच्या वर्षाची खात्री असलेला शिक्षक चांगले शिकवतो, एवढाच त्याचा अर्थ. तासिका तत्त्वाचे ते समर्थन होऊ शकत नाही.

मग नेमका संबंध काय?

आतापर्यंतचे धागे एकत्र केले, तर चित्र असे दिसते. पगाराची एक मर्यादारेषा असते. तिच्या खाली प्रेरणेची भाषा करणे क्रूर आहे. ज्याला घरभाड्याची चिंता आहे, त्याला सेवाभावाचे प्रवचन देऊ नये. त्या रेषेच्या वर गेल्यावर आकड्यापेक्षा न्याय्यता महत्त्वाची ठरते, म्हणजे समान कामाला समान दाम आणि वेळेवर दाम. त्यानंतर खरी प्रेरणा स्वायत्तता, सहकाऱ्यांची दाद, विषयात वाढण्याची संधी आणि विद्यार्थ्यांशी असलेले नाते यांतून येते. आणि मोजमाप करायचेच असेल, तर ते अशा गोष्टींचे व्हावे, ज्या वाढल्याने विद्यार्थी खरोखर शिकतो.

थोडक्यात, पगार कामगिरी विकत घेत नाही. कामगिरीला अडथळा ठरणारी कारणे तो दूर करतो. ‘पगार द्या म्हणजे शिकवतील’ आणि ‘पगार घेऊनही शिकवत नाहीत’ ही दोन्ही वाक्ये म्हणूनच अर्धवट आहेत.

परदेशस्थ मराठी वाचकांसाठी यात एक व्यावहारिक बाजूही आहे. आपल्यापैकी अनेक जण आपल्या जुन्या महाविद्यालयाला देणगी देतात, आणि ती बहुधा आई-वडिलांच्या नावाने ‘आदर्श प्राध्यापक पुरस्कार’ ठेवण्यासाठी असते. हेतू सुंदर आहे. पण वर्षाकाठी एका व्यक्तीला शाल-श्रीफळ आणि धनादेश देऊन उरलेल्या साठ जणांच्या प्रेरणेत काय फरक पडतो, हा प्रश्न स्वतःला विचारावा. तीच रक्कम तासिकेवरच्या अध्यापकांना परिषदेला जाण्यासाठी प्रवासखर्च म्हणून, ग्रंथालयात एखाद्या विषयाच्या पुस्तकांसाठी, प्रयोगशाळेतील साहित्यासाठी किंवा सुट्टीतील महिन्यांत अभ्यासक्रम तयार करण्याच्या मानधनासाठी दिली, तर ती प्रेरणेच्या मुळाशी पोचते. देणगी देताना महाविद्यालयाला एक प्रश्न अवश्य विचारावा: तुमच्याकडे किती जण तासिका तत्त्वावर शिकवतात आणि त्यांचे मागचे मानधन कधी मिळाले? असा प्रश्न माजी विद्यार्थ्यांकडून येऊ लागला, तर त्याचा परिणाम पुरस्कारापेक्षा दूरवर जाईल.

आणि मुले येथील विद्यापीठात शिकत असतील, तर खुल्या दिवशी वसतिगृह आणि व्यायामशाळा पाहून झाल्यावर हेही विचारावे की पहिल्या वर्षाचे वर्ग कोण घेते आणि ती व्यक्ती पुढच्या वर्षी तेथे असेल का. तीन वर्षांनी शिफारसपत्र मागायला मुलगी जाईल, तेव्हा तिला ओळखणारे कोणी तरी त्या इमारतीत उरलेले असले पाहिजे.

माझ्या त्या वर्गमित्राने अखेर महाविद्यालय सोडले. तो आता एका शिकवणी वर्गात शिकवतो. पूर्वीपेक्षा दुप्पट कमावतो आणि पगार पहिल्या तारखेला होतो. गेल्या खेपेला पुण्यात भेटला, तेव्हा मी विचारले, आता समाधान आहे ना? तो म्हणाला, ‘‘चिंता नाही.’’ थोडे थांबून त्याने सांगितले की, दर जूनमध्ये महाविद्यालयाची तासिकांची जाहिरात निघाली की तो अजूनही ती वाचतो.